विकत घ्यायच्या आधी खुर्चीत बसा

गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये जेवणाच्या रांगेत उभी असले की कोणी ना कोणी मला गाठतंच. पंचेचाळिशीला टेकलेला, केस विरळ झालेला एखादा इंजिनिअर हातात कागदी ताटली घेऊन जवळ येतो, बायको आसपास नाही ना हे बघतो आणि हळूच विचारतो, "काकू, लहानपणी खेळायचो तो व्हिडिओ गेम परत खेळावासा वाटतोय. घेऊ का? का नको?" डॉक्टरला गुडघा दाखवायला आल्यासारखा चेहरा असतो. मी विचारते, "शेवटचा कधी खेळलास?" आणि मग, "कोणाबरोबर?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर पटकन येतं. दुसऱ्याला मात्र रांग चार माणसं पुढे सरकते तरी हा आपला आठवत उभा.

हा अधिकार मला फुकट मिळालेला नाही. दोन हजार सालानंतरची बरीच वर्षं मी इथं जर्मनीत, नेकारसुल्म गावात जुन्या व्हिडिओ गेम्सच्या दुकानात काम केलं. माझं शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा. लग्नाआधी पुण्यात टीव्ही जोडणाऱ्या कारखान्यात मी सोल्डरिंगच्या टेबलावर होते. आमच्या ह्यांना मोटारीच्या कारखान्यातल्या कामासाठी इकडे पाठवलं, आणि मी घरात बसून पोळ्या लाटत आणि खिडकीतून पार्किंग बघत राहिले. जर्मन यथातथाच. एक दिवस स्टेशनजवळच्या गल्लीत न्हाव्याच्या शेजारी एक दुकान दिसलं. काचेवर कागद लावला होता, मदतनीस पाहिजे. आत गेले.

मालकांचं नाव हेर फिंक. उंच, वाकलेले, कपाळावर चढवलेला चष्मा. पूर्वी कारखान्यात अवजारं घडवायचे. त्यांनी मला नाव विचारलं नाही, जर्मन येतं का तेही विचारलं नाही. एक बंद पडलेलं यंत्र माझ्यापुढे ठेवलं आणि सोल्डरिंग आयर्न हातात दिलं. मी झाकण उघडलं. वायर खुपसतात त्या जागेचा डाख तडकला होता, हे दुखणं मला पाठ होतं. दोन थेंब टाकले, यंत्र सुरू झालं. "गेनाऊ," ते म्हणाले, म्हणजे बरोबर. मग म्हणाले, "सोमवारी?" एवढीच मुलाखत. आमचे हे म्हणाले, "शिकूनसवरून पोरखेळाच्या दुकानात?" पुढे हेच मला न्यायला म्हणून तासभर आधी यायचे आणि शर्यतीच्या गाडीचं स्टिअरिंग सोडायचे नाहीत, पण ते असू दे.

आता अभिजितचं सांगते. तो ह्यांच्याच कारखान्यात ब्रेकच्या विभागात होता. कराडचा, तिशीला आलेला, लग्न व्हायचं होतं. मंडळात जेवणं झाली की न सांगता खुर्च्या उचलायचा, म्हणून माझ्या लक्षात राहिलेला. एका सप्टेंबरात तो दुकानात आला.

"काकू, रणगाड्यांचा गेम आहे का तुमच्याकडे? विटांच्या भिंती असतात, खाली आपला झेंडा. दोघांनी मिळून झेंडा राखायचा."

"आहे की. शेवटचा कधी खेळलास?"

"कधीच नाही."

जुना आवडता गेम मागायला आलेलं आणि तो कधीच न खेळलेलं हे माझं पहिलं आणि शेवटचं गिऱ्हाईक. मी त्याला चहा दिला आणि बसवलं. त्याचे वडील तो चौथीत असताना गेले. आईनं एस.टी. स्टँडमागच्या घराच्या पुढच्या खोलीत चार टीव्ही आणि चार मशीनं मांडली आणि व्हिडिओ गेमचं पार्लर काढलं. मध्ये कापडी पडदा. पडद्याच्या अलीकडे गावातली पोरं अर्ध्या अर्ध्या तासानं खेळायची, पलीकडे अभिजितचं अभ्यासाचं टेबल. आईचा नियम असा की गिऱ्हाईक खेळेल, घरचं पोर नाही. एकदाही नाही. तो पडद्यामागे गणितं सोडवत आवाज ऐकायचा. कुठल्या मशीनवर काय चालू आहे आणि कोण हरतंय, हे त्याला न बघता कळायचं. त्यातला रणगाड्यांचा त्याला सगळ्यात आवडायचा.

"न खेळता आवडायचा?"

"ऐकून," तो म्हणाला.

आणि आता ती आई इकडे आली होती, ऑगस्टमध्ये, तीन महिन्यांच्या व्हिसावर, आयुष्यात पहिल्यांदा. तिला इथं करमेना. रविवारी सकाळी तिनं दाण्याचं कूट करायला मिक्सर लावला तर खालची बाई वर आली. रविवारी आवाज करायचा नाही, हे अभिजितनं सांगितलं होतं, पण मिक्सर म्हणजे आवाज असं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग कचऱ्याचं झालं. इथं कागद वेगळा, काच वेगळी, भाजीची देठं वेगळी. तिनं सगळं एका डब्यात टाकलं, शेजाऱ्यानं जिन्यात चिठ्ठी चिकटवली आणि अभिजित दमून घरी आला होता, तो आईवर ओरडला.

"मी तिला बोललो, काकू. कचऱ्यावरून. माझ्या आईला."

"मग ती काय म्हणाली?"

"काही नाही. दुसऱ्या दिवशी बॅग काढून भरून ठेवली. फ्लाइट नोव्हेंबरात आहे. म्हणाली, बघून झालं तुझं जर्मनी, मी काही आता परत यायची नाही, तुला वाटलं तर तू ये." त्यानं कप खाली ठेवला. "मला उर्लाउब मिळतो त्यात कराडला दोन आठवडे जमतात. म्हणजे इथून पुढे मी वर्षातले दोन आठवडे तिचा मुलगा."

उर्लाउब म्हणजे रजा. मला त्याच्याकडे बघवेना. तो एकुलता एक, ती एकटी, आणि मध्ये एक कचऱ्याचा डबा. त्याच्या डोक्यात असं आलं होतं की तो गेम घरी लावावा. खेळायला नाही, तिच्या दुकानातला आवाज घरात आला तर तिला जरा आपलं वाटेल, आणि वाटलंच तर पुढच्या वर्षी यायला ती तयार होईल. मी त्याला म्हटलं, असा गेम मी तुला विकणार नाही. शनिवारी आईला घेऊन ये. तो चकित झाला. पण आमच्या दुकानाची रीतच तशी होती.

ती रीत म्हणजे खुर्ची. दुकानाच्या मागच्या बाजूला जुना, पोट सुटलेला टीव्ही होता आणि त्याच्यापुढे तपकिरी कॉर्डरॉयची एक खुर्ची. लहानपणचा गेम मागायला आलेल्या माणसाला हेर फिंक तो गेम हातात देत नसत. "आल्झो," म्हणजे तर मग, "आधी बसा," म्हणायचे. मनसोक्त खेळा, मग हवा तर घ्या. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, या माणसाचं दुकान दिवाळीपर्यंत टिकत नाही. निम्मी माणसं खुर्चीतून उठून रिकाम्या हातानं निघून जायची. मी एकदा विचारलंच. ते म्हणाले, "ह्यांना जे हवंय ते माझ्या कपाटात नाही. घरी जाऊन कळण्यापेक्षा इथं कळलेलं बरं." मला आमच्याकडचे साडीच्या दुकानातले गादीवरचे लोक आठवले. गिऱ्हाईक उठायच्या आत साडी घडी करून पिशवीत घालणारे. हे म्हणजे अगदी उलटं.

माल यायचा लोकांच्या तळघरांतून आणि माळ्यांवरून. मुलं मोठी होऊन घराबाहेर पडली की आया साफसफाई काढायच्या आणि खोकी आमच्याकडे आणून टाकायच्या. यंत्र उघडलं की घर कळायचं. आत पिवळा चिकट थर असला की घरात सिगारेट, बिस्किटाचा चुरा असला की धाकटं भावंड, केस असले की कुत्रा. मी ते सगळं स्पिरिटनं आणि कापसाच्या काड्यांनी पुसायची. ज्याला आपण कॅसेट म्हणतो त्याला इथं मोडूल म्हणतात. चालली नाही की जगातलं कुठलंही पोर तिच्यात फुंकर मारतं आणि ती चालते, म्हणून सगळ्यांना वाटतं फुंकरच गुणकारी. खरं तर काढून परत बसवल्यानं चालते, आणि तोंडच्या वाफेनं तिचे पितळी दात हळूहळू गंजतात. हे मी किती जणांना समजावलं, एकाचाही विश्वास बसला नाही.

खुर्चीतल्या माणसांच्या किती गोष्टी सांगू? विम्याच्या ऑफिसातला एक सुटाबुटातला गृहस्थ जेवणाच्या सुट्टीत आला आणि गाडीच्या शर्यतीचा गेम मागितला. बसला, खेळला आणि माझ्याकडे वळून जवळजवळ आरोप केल्यासारखं म्हणाला, "इथं झाडं होती." मी म्हटलं, हीच ती झाडं, हे हिरवे त्रिकोण. "नाही. खरी झाडं होती. सावली पडायची." तो तसाच उठून गेला. पुढच्या आठवड्यात परत आला तो बायकोनं केलेला आलुबुखाराचा केक घेऊन. म्हणाला, घरी नेला असता तर वर्षभर चिडत राहिलो असतो, आता निदान माझी झाडं मला राहिली. विकत काही घेतलं नाही. केक मात्र उत्तम होता.

दुसरा आपलाच, गार्चिंगच्या विद्यापीठात पीएच.डी. करणारा नागपूरचा मुलगा. इथं चुलतभावाकडे आला होता. त्याला तलवारी आणि राक्षसांचा, महिनोन्महिने चालणारा गेम हवा होता. सकाळी खुर्चीत बसला तो उठेचना, दुपारी माझ्या डब्यातली उसळ त्यालाच दिली. संध्याकाळी हेर फिंकनी त्याला विचारलं, प्रबंध लिहून झाला का? तो म्हणाला, होत आलाय. "होत आलाय म्हणजे नाही," हेर फिंक म्हणाले आणि मोडूल काढून कपाटात ठेवलं, "झाला की या." मुलगा माझ्याकडे बघून मराठीत म्हणाला, "काकू, हे तर माझ्या गाइडपेक्षा वाईट आहेत." पण एक दिवस तो खरंच आला, डोक्यावर पुठ्ठ्याची चित्रविचित्र टोपी घालून. डॉक्टरेट झाली की लॅबमधले सहकारी अशी टोपी करून घालतात, ती घालून तो थेट रेल्वेनं आला होता. हेर फिंकनी उभं राहून हात मिळवला आणि गेम दिला. पुढे एकदा फोनवर म्हणाला, खोकं अजून उघडलेलं नाही, वेळच होत नाही, पण कपाटात आहे हे बरं वाटतं.

पुढे सगळं घरबसल्या इंटरनेटवर मिळायला लागलं. तिथं कोण खुर्ची देणार आणि कोण नाही म्हणणार? दुकान बंद झालं, आता तिथं मोबाईलची कव्हरं विकतात, आणि हेर फिंकही गेले. त्यांच्या पायाशी बसून मी धंदा शिकले असं काही नाही. धंदा त्यांनाही फारसा जमला नाही. पण परक्या मुलुखात ज्यानं माझे हात काय करू शकतात एवढंच बघितलं आणि मला माणसांत आणून बसवलं, त्या माणसाचे उपकार मी विसरू शकत नाही, आणि विसरायचेही नाहीत.

तर शनिवार. दुपारी अभिजित आईला घेऊन आला. लीलाताई ठेंगण्या, सुती साडीवर मुलाचं जर्किन चढवलेल्या, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज. चेहरा असा की दवाखान्यात आणलंय. मी "या ताई" म्हटल्यावर जरा सैल झाल्या. लोक आत आले की रंगीत खोकी बघतात, ह्या सरळ टीव्हीच्या मागे गेल्या आणि वाकून वायरी बघितल्या.

"वायरी छान बांधल्यात," त्या म्हणाल्या. जर्मनीतल्या कुठल्याही गोष्टीला आईनं दिलेलं हे पहिलं प्रशस्तिपत्र, असं अभिजितनं मला नंतर सांगितलं.

मग त्यांचं लक्ष माझ्या टेबलावरच्या कापसाच्या काड्यांकडे गेलं. "ह्यानं पुसता? आम्ही खोडरबर वापरायचो. एकदम चकचकीत होतं."

मी हेर फिंकना सांगितलं. खोडरबर ऐकून त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, त्याचा चुरा आत जातो, वरचा मुलामा उडतो.

"काय उडत नाही," ताई म्हणाल्या, "आणि नाहीच चाललं तर फुंकायचं."

हे मी भाषांतर केलं नाही. काही गोष्टी दुभाष्यानं गिळायच्या असतात.

अभिजितला खुर्चीत बसवलं. हेर फिंकनी रणगाड्यांचं मोडूल आणलं. हे युरोपात कधी विकायलाच नव्हतं, त्यांनी जपानहून मागवलेलं, त्यांच्या खास आवडीचं. खेळ सोपा आहे. वरून शत्रूचे रणगाडे येतात, खाली तुमचा एक. विटांच्या भिंती गोळीनं फुटतात, पोलादी सहजी फुटत नाहीत, त्यांना वळसा घालायचा. आणि मागे झेंडा. तुम्ही जिवंत असलात तरी झेंडा पडला की खेळ संपला. सुरुवातीची ती छोटीशी धून वाजली तसा अभिजित मान वर करून ऐकत राहिला, आणि तेवढ्यात शत्रूनं त्याला उडवलं. दुसऱ्या वेळी त्यानं गडबडीत स्वतःच्याच गोळीनं स्वतःचा झेंडा पाडला.

"अरे, मागे काय मारतोस," ताई मागून म्हणाल्या.

"आई, मला खेळू दे."

"खेळ. पण भिंतीला चिकटून. डावीकडून येतोय बघ. अरे झेंडा, झेंडा." झेंडा पडला. "सरक," ताई म्हणाल्या.

तो स्टुलावर सरकला. त्या जर्किन काढून खुर्चीत बसल्या, पदर खोचला आणि कंट्रोलर उचलला. दोन्ही अंगठे ज्या पद्धतीनं ठेवले ते बघून हेर फिंकनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. ताईंनी रणगाडा थेट पोलादी भिंतीपाशी नेला आणि गोळी झाडली. भिंत फुटली नाही. पुन्हा झाडली, पुन्हा नाही. त्यांनी कंट्रोलर खाली ठेवला आणि माझ्याकडे वळल्या.

"अहो, ह्यांची कॅसेट डुप्लिकेट आहे. पोलादाची भिंत फुटत नाही. सांगा त्यांना, फसवलंय कोणीतरी."

आता हे कसं सांगायचं? सांगितलं. हेर फिंक लाल झाले. त्यांनी खास स्क्रू-ड्रायव्हरनं मोडूल उघडलं, भिंग आणलं आणि ताईंना आतली पट्टी, त्यावरची जपानी अक्षरं, कारखान्याची खूण एकेक दाखवायला लागले. ताई भिंगातून बघायच्या आणि मान हलवायच्या. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पुण्यात माझ्या धाकट्या भावाकडे होती तीही तसलीच. आपल्याकडे गावोगावी ज्या कॅसेटी यायच्या त्या सगळ्या नकला, आणि नक्कल करणाऱ्यांनी खेळात आपल्या मनानं फेरफार केलेले. पोलाद पहिल्यापासूनच फुटायचं. आपली एक अख्खी पिढी त्यालाच मूळ समजून मोठी झाली.

"ताई," मी म्हटलं, "ही अस्सल आहे. आपल्याकडची नकली होती."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "म्हणजे एवढी वर्षं मी लोकांच्या पोरांना खोटं दिलं?"

यात गंमत नव्हती. ज्या बाईनं पार्लर चालवताना कोणाची पाच मिनिटं कमी केली नसतील, तिला हे लागलं. मी हेर फिंकना जसंच्या तसं सांगितलं. ते तिच्या खुर्चीशेजारी गुडघ्यावर बसले आणि मला नीट सांगता यावं म्हणून सावकाश बोलले. "त्यांना सांगा, ज्या मुलांनी तो खेळला त्यांच्यासाठी तो खराच. आणि पहिल्यापासून पोलाद फुटणारा मी कधी बघितलेला नाही. मला बघायला आवडला असता."

ताईंनी त्यांच्याकडे निरखून बघितलं. "सांगा त्यांना, आमचा पाण्यावरूनपण जायचा."

"पाण्यावरून?" हेर फिंक म्हणाले, आणि त्यांना खरोखरच हेवा वाटला हे मला दिसलं.

मोडूल बंद करून परत लावलं. या वेळी ताईंनी पोलादाला वळसा घातला. एक-दोनदा चुकल्या, मग त्यांच्या ध्यानात आलं. एक डाव संपवला, दुसरा संपवला, तिसरा. न बोलता, मान न हलवता, नुसते अंगठे. अभिजित पडद्याकडे बघायचं सोडून आईकडे बघत होता.

"आई, तू खेळायचीस?"

"टेस्टिंग नको करायला? गिऱ्हाईक यायच्या आधी मशीन चालतंय का बघायला लागतं."

"टेस्टिंगला किती वेळ लागतो?"

ताईंनी नजर हलवली नाही. "तू शाळेत गेलास की बसायची."

"आणि उठायचीस कधी?"

"तू यायच्या आधी."

मी भाषांतर थांबवलं. हेर फिंकनीही विचारलं नाही, ते उगाच पुढच्या काउंटरवर जाऊन खोकी सारखी करायला लागले.

"मला एकदाही हात लावू दिला नाहीस," अभिजित म्हणाला. आवाज चढवला नव्हता. "परीक्षा संपल्यावरपण नाही. अख्ख्या गावाची पोरं आपल्या घरात खेळायची आणि मी पडद्यामागे. मला वाटायचं, तुला माझ्यापेक्षा गिऱ्हाईक जवळचं."

ताईंनी कंट्रोलर मांडीवर ठेवला. पडद्यावर शत्रू खाली आला आणि झेंडा पडला. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही.

"मला उठवायचं नाही रे," त्या म्हणाल्या. "तुझे बाबा गेल्यावर सकाळ खायला उठायची. तेवढा वेळ डोक्यात काही यायचं नाही. गॅसवर भाजी करपायची, वास यायचा, तरी उठवायचं नाही. मी एवढी मोठी बाई, माझं हे. तर तुझं काय झालं असतं? आणि तू बसला असतास, तर तुला मी कुठल्या तोंडानं ऊठ म्हटलं असतं?"

मी चहा करायच्या निमित्तानं आत गेले, कारण मला रडू आवरेना. इतकी वर्षं मुलगा समजत होता की दार त्याच्यावर बंद होतं. आईनं त्या दाराशी स्वतःला आडवं घातलं होतं, आणि लाजेपायी सांगितलं नव्हतं. आई-मुलांत असं काय काय राहून जात असेल कोण जाणे. एरवी हे कधीच बोललं गेलं नसतं. घरी सोफ्यावर समोरासमोर बसून तर नाहीच. दोघांची तोंडं एकाच टीव्हीकडे होती म्हणून बोलता आलं, असं मला वाटतं.

चहा घेऊन आले तर अभिजितनं दुसरा कंट्रोलर उचलला होता. "दोघांचा लाव," तो म्हणाला.

"तू झेंड्यापाशी थांब, मी वर जाते," ताई म्हणाल्या. "आणि मागून गोळ्या घालू नको."

त्यानं पहिली गोळी तिलाच घातली. त्या खेळात साथीदाराला गोळी लागली की तो मरत नाही, जागच्या जागी लुकलुकत खिळून राहतो. ताई खिळल्या. "मेल्या, सांगितलं ना," त्या म्हणाल्या आणि इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा खाली आला. चहा तसाच गार झाला. किती डाव झाले मी मोजले नाहीत. शेवटी ताईंनीच कंट्रोलर ठेवला आणि पार्लरमधल्या आवाजात म्हणाल्या, "चला, टाइम झाला."

हेर फिंक पुढे आले आणि त्यांनी नेहमीसारखं विचारलं, कसा वाटला?

"लहान आहे," अभिजित जर्मनमध्ये म्हणाला. "पडद्यामागून फार मोठा वाटायचा."

"घेणार?"

त्यानं आईकडे बघितलं, हेर फिंकनी काय विचारलं ते मी ताईंना सांगितलं. "नको," ताई म्हणाल्या. "घरात आणलास तर तुझा डबा कोण करणार? मी काही उठायची नाही."

म्हणजे याही वेळी विक्री शून्य. हेर फिंकनी मोडूल पुसून खोक्यात ठेवलं. मी ताईंना जर्किन घालायला मदत केली. दुपार छान गेली होती, पण माझ्या डोक्यात ती भरलेली बॅग होती. एक दुपार हसल्यानं माणूस सात समुद्र पुन्हा ओलांडतो असं थोडंच आहे? नोव्हेंबरात ताई जाणार, आणि मग दोन-दोन आठवड्यांचं आयुष्य. अभिजितच्याही मनात तेच असणार. त्यानं दार उघडलं आणि आईची वाट बघत उभा राहिला.

ताई निघाल्या आणि दारात थांबून माझ्याकडे वळल्या. "हे दुकान मे महिन्यात उघडं असतं का, विचारा जरा."

"मे महिन्यात कशाला?" अभिजित म्हणाला.

"तुला नाही विचारलं."

मी हेर फिंकना विचारलं. त्यांनी तो प्रश्न कुठल्याही जर्मन माणसानं घ्यावा तसा घेतला, म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहून खरोखर विचार केला. "पहिल्या तारखेला बंद," ते म्हणाले, "सुट्टी आहे. बाकी महिनाभर उघडं."

मी सांगितलं.

"मग दोन तारखेला येते," ताई म्हणाल्या आणि जर्किनची चेन गळ्यापर्यंत ओढली. त्या बाहेर पडून फुटपाथवर जाऊन उभ्याही राहिल्या. अभिजित तसाच दार धरून होता. बाहेरचा गार वारा सगळा आत शिरत होता, खोक्यांवरच्या किमतीच्या चिठ्ठ्या फडफडत होत्या. हीटर चालू असताना दार उघडं राहिलेलं हेर फिंकना मुळीच खपत नसे. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा अभिजितच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि खुंटीवरचा आपला कोट काढून अंगात घातला.